थार घेताना

महिंद्रा थारची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. नाशिकच्या कारखान्यात बनणारी ही गाडी आधी फक्त फोर-व्हील ड्राइव्ह होती. जानेवारी २०२३ पासून केवळ मागची चाके फिरवणारी स्वस्त आवृत्तीही मिळू लागली. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. फरक कळतो तो चिखलात नि खड्या चढावर: फोर-व्हील ड्राइव्हमधला लो-रेंज गिअर वेग घटवून चारही चाकांचा जोर वाढवतो. शहरात मात्र बाजूंची दोनच दारे आणि नावापुरती डिकी रोज जाणवते. गाडी नवी होती तेव्हा ताब्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे. शोरूमच्या किमतीवर रस्ता कर, नोंदणी, विमा हे वेगळेच. डांबरी रस्ता सोडायचा नसेल, तर फोर-व्हील ड्राइव्हवरचा जादा खर्च वायाच.