कंबरदुखी बरी केव्हा होणार? आकड्यामागील तीन कसोट्या

निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या स्त्रीने ‘माझी कंबर बरी केव्हा होईल?’ असे विचारले, तर फिजिओथेरपिस्टने कोणत्या संशोधनावर विसंबावे?

पहिली कसोटी : रुग्णांची नोंद दुखणे सुरू होताच झाली होती काय? मोठ्या रुग्णालयात बहुधा जुनाट दुखणीच पोहोचतात; केवळ त्यांवरून केलेले भाकीत अकारण निराशाजनक ठरते. दुसरी : अखेरपर्यंत किती जणांचा पाठपुरावा झाला? बेळगावला पुन्हा न आलेली रुग्ण बरी झाली, की बुडणारी मजुरी परवडेना म्हणून थांबली, हे अन्यथा कळत नाही.

ऑस्ट्रेलियातील ९७३ रुग्णांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दोन्ही कसोट्यांना उतरतो. त्यात सहा आठवड्यांत सुमारे ४० टक्के, तर वर्षभरात सुमारे ७२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. सहा आठवड्यांत बहुतेक सारे बरे होतात, या रूढ समजाला त्याने धक्का दिला.

तिसरी कसोटी : ते रुग्ण आपल्या रुग्णासारखे आहेत काय? विडी कामगार स्त्रीला दुखत असतानाही त्याच बैठकीत काम करावे लागते. म्हणून तिला आकडा सांगताना त्याची मर्यादाही सांगावी. सीमाभागातील रुग्णांचा असाच पाठपुरावा झाला, तरच तिला तिचे स्वतःचे उत्तर मिळेल.