गालिच्यातील धूळ आणि कृष्णाकाठची ओल

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर महाबळेश्वर आहे, जेथे वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माणदेश आहे, जेथे त्याचा दहावा हिस्सा पदरात पडला तरी कुणबी समाधान मानतो. तेव्हा या दोन मुलखांतील दिवाणखान्यांत अंथरलेल्या गालिच्यांवरची धूळ डोळ्यांना सारखीच दिसली, तरी प्रकृतीच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे असे समजता येत नाही.

माणदेशातील धूळ बव्हंशी उघड्या माळावरून उडून आलेली माती असते. ती घसा कोरडा पाडते, शिंका आणते. पण दारेखिडक्या लावून घेतल्या आणि ओल्या फडक्याने फरशी पुसली, की तिचा बराचसा बंदोबस्त होतो. घाटमाथ्यावरील बंद खोल्यांतली धूळ मात्र घरातच जन्मास येते. माणसाच्या त्वचेचे झडलेले पापुद्रे, लोकरीचे तंतू, मांजराचा कोंडा, झुरळांचे अवशेष, बुरशीचे बीजाणू आणि त्या पापुद्र्यांवर उपजीविका करणारे धूलिकीटक यांचे ते मिश्रण असते.

घरातील धुळीने दमा बळावतो, हे वैद्यांच्या ध्यानात १९२० च्या सुमारास आले होते. परंतु त्यामागील मुख्य अपराधी हा कीटक आहे, असा निष्कर्ष हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी १९६४ साली मांडला. कोळ्याच्या गोत्रातील हा आठ पायांचा जीव, लांबीने मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, कोणास चावत नाही आणि पाणीही पीत नाही. हवेतील बाष्प शोषून तो जगतो, आणि सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या बरीच खाली दीर्घकाळ राहिली तर शुष्क होऊन मरतो. अपाय होतो तो त्याच्या विष्ठेतील पाचक द्रव्यांमुळे, ज्यांच्या संसर्गाने संवेदनशील माणसाचे नाक चोंदते, डोळे खाजतात आणि छातीत घरघर सुरू होते. कीटक मेला तरी ही द्रव्ये महिनोन्‌महिने गालिच्यात शिल्लक राहतात. त्यांचे कण तुलनेने जड असल्यामुळे ते काही मिनिटांतच खाली बसतात, आणि कोणी चालले, झाडले किंवा गालिचा झटकला की पुन्हा उसळतात. म्हणून जमिनीलगत रांगणाऱ्या मुलाच्या श्वासात त्यांचा वाटा मोठ्या माणसापेक्षा अधिक जाण्याचा संभव असतो.

सांगलीची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली, तेव्हा गावभागातील आणि मारुती चौकातील घरांत शिरलेले पाणी ओसरले तरी भिंती, गाद्या व सतरंज्या यांत मुरलेली ओल मागे उरली. भिजलेल्या वस्तूवर एकदोन दिवसांतच बुरशी धरू लागते, आणि वाळलेला गाळ बारीक धूळ होऊन उडू लागतो. अशा वेळी पुराच्या पाण्यात बुडालेला गालिचा केवळ त्याची किंमत आठवून वाळवून ठेवणे मला उचित वाटत नाही. तो टाकून द्यावा, आणि गाळ काढताना तोंडानाकावर घट्ट मास्क बांधावा.

घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची जी वहिवाट आपल्याकडे आहे, ती नेमकी पावसाळ्याच्या अखेरीस येते, जेव्हा ओलाव्यामुळे या कीटकांची संख्या भरास आलेली असते. थंड पाण्यानेही त्यांची पुष्कळशी विष्ठा वाहून जाते. कीटक मारावयाचे तर पाणी ५५ अंशांहून अधिक उष्ण हवे, अथवा कडक उन्हात कापड पूर्ण कोरडे व्हावयास हवे. घोंगडी, सतरंजी, चटई यांना हे सोसते. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेल्या गालिच्यास सोसत नाही, आणि म्हणूनच महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत तो घालण्याची हौस मला सर्वथा अनिष्ट वाटते.

तथापि सर्व दोष गालिच्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. रात्रभर तोंड ज्या उशीत असते तिच्यात आणि गादीत कीटकांची वस्ती बहुधा अधिक दाट असते, आणि एकटा गालिचा उचलल्याने दमा हटल्याची खात्री देता येत नाही. घरात कोणास पहाटे खोकल्याची ढास लागत असेल, तर मिरजेस, जेथे १८९४ पासून मिशन रुग्णालयाची परंपरा आहे, किंवा साताऱ्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडून त्वचेची चाचणी करून घ्यावी, आणि तोवर झाडलोटीचे काम त्या माणसाकडे मुळीच देऊ नये.