एका धडकेचा सोबती
"बाहेरून साधा ओरखडा नाही, मग नवं हेल्मेट कशाला?" गाडीवरून पडून उठलेला माणूस हमखास विचारतो. पण डोकं वाचवण्याचं मोठं काम चकचकीत कवचापेक्षा आतल्या अस्तरामागचा थर्माकोलचा थर करतो. धडकेत त्यातले हवेचे बारीक कप्पे चिरडतात, डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका सौम्य होतो. चिरडलेला थर मात्र पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बदलायचंच. नवं घेताना आयएसआय चिन्हासोबत 'आयएस ४१५१' हा मानक क्रमांक पाहा. मग पट्टा लावून मान हलवा. हेल्मेट डोक्याबरोबरच फिरलं, तरच ते तुमच्या मापाचं.