मला इंग्रजी येत नाही, तरी मी लेकीचा अभ्यास घेते



संध्याकाळी आपण भाकरी थापत असतो, लेक इंग्रजीची वही घेऊन येते आणि आपण म्हणतो, "मला नाही बाई कळत, शाळेत विचार." माझ्या घरीही असंच चालायचं. मग लेक गाइडमधलं उत्तर उतरवून मोकळी व्हायची. एकदा मी सहज विचारलं, "हे काय लिहिलंस, मला मराठीत सांग बरं." तिला सांगता येईना. तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसू लागले. मी स्वतः सातवी शिकलेली.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांनी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. तेव्हा मुलं इंग्रजीत आपल्या पुढे असली तर त्यात लाज कसली? आपण उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे.

आधी व्याकरण बघू. आपण म्हणतो, "सीता आंबा खाते." खाण्याची क्रिया शेवटी येते. मुलं तसंच इंग्रजीत लिहितात, "सीता मँगो ईट." तिथे मात्र करणारी आधी, तिच्यामागे लगेच क्रिया आणि मग आंबा. म्हणून वाक्यावर बोट ठेवायला लावून क्रमाने तीन प्रश्न विचारा : कोण? काय करते? काय खाते? उत्तरं त्याच क्रमाने आली पाहिजेत.

मग क्रियेच्या शब्दाकडे बघा. मराठीत मी खाते, तू खातेस, ते खातात, असं रूप बदलत जातं. इंग्रजीत रोजची गोष्ट सांगताना करणारी सीतेसारखी एकटी असेल, म्हणजे तो, ती किंवा ते, तर क्रियेला शेवटी "एस" हे अक्षर लागतं. म्हणून "सीता ईट्स अ मँगो." मी, तू किंवा पुष्कळजण असतील तर नुसतं "ईट". कालची गोष्ट असेल तर हा "एस" लागत नाही. त्या वाक्यातला छोटा "अ" मुलं हमखास विसरतात, कारण मराठीत तसा शब्दच नाही. आंबा एकच आहे ना, एवढं विचारा, म्हणजे आठवेल.

आणखी एक. आपण "पेटीवर" म्हणतो तेव्हा "वर" मागे लागतो. इंग्रजीत तो पुढे येतो, "ऑन द बॉक्स".

आता कविता. दहावीला इंग्रजी कवितेचं रसग्रहण लिहावं लागतं. नाव ऐकून घाबरू नका. ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी म्हणणाऱ्या बायका आपण! मुलीला कविता मोठ्याने वाचायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. कोणत्या ओळींचे शेवट जुळतात ते तुमच्या कानाला कळेल. "नाइट" म्हणजे रात्र, "काइट" म्हणजे पतंग. दोन्हींची स्पेलिंग वेगळी, पण कानाला जुळतात. चार ओळींत पहिली-तिसरी जुळली आणि दुसरी-चौथी जुळली, तर मुलं "ए बी ए बी" लिहितात. त्यालाच राइम स्कीम म्हणतात.

मग मराठीतच विचारा. कवितेत कोण बोलतंय? डोळ्यांपुढे काय येतं? कशाला कशासारखं म्हटलंय? आपण म्हणतो, "भाकरी चंद्रासारखी गोल." ही उपमा, इंग्रजीत सिमिली. तिथे "लाइक" किंवा "ॲज" शब्द सापडतो. पण "लाइक"चा अर्थ आवडणं असाही होतो, म्हणून तुलना आहे का ते पाहायला सांगा. "यंदा पाऊस रुसला," असं आपण म्हणतो. पाऊस माणसासारखा रुसला, ही चेतनगुणोक्ती, म्हणजे पर्सॉनिफिकेशन. शेवटी विचारा, "तुला यातलं काय आवडलं आणि का?" त्याचं उत्तर तिने स्वतःच्या मनाने द्यायचं, आधी मराठीत, मग सोप्या इंग्रजीत.

अडलं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायला लावा.

माझ्या लेकीचं इंग्रजी अजून चुकतं. पण आता ती गाइड न उघडता आधी म्हणते, "आई, बस ना, तुला समजावते." समजावता समजावता तिची चूक तिलाच सापडते. आज रात्री भांडी झाली की दहा मिनिटं तुम्हीही बसून बघा. आणि काय झालं ते गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना जरूर सांगा.