टाक्यांचा सव्वा महिना

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते आणि संध्याकाळी यवतला काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात आणि मोठ्या कढयांमध्ये पिठलं रटरटतं. यवतचं पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय वारकऱ्याला वारी पुरी झाल्यासारखी वाटत नाही. दिवसभर चालून आलेल्या माणसाला इथे गरम पाणी मिळतं, पायाला तेल मिळतं, टेकायला ओसरी मिळते. तो "पाय दुखतात" म्हणाला, तर "सगळेच चालतात, सोसा" असं त्याला कुणीही ऐकवत नाही.

बाळंतिणीला मात्र हेच ऐकावं लागतं. "सगळ्यांनाच होतं बाई. सोसायचं असतं."

माझं सीझर झालं तेव्हा मीही सोसायचं ठरवलं होतं. गोळी घेतली तर ती दुधातून बाळाला जाईल, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. दुसऱ्या रात्री खोकला आला आणि टाक्यांमधून अशी कळ गेली की बाळाला कुशीत घ्यायला हातच उचलेना. रात्रपाळीच्या सिस्टरनी जवळ येऊन विचारलं, "ताई, दहापैकी किती दुखतंय?" माझं दुखणं इतक्या सरळपणे त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "आठ." त्यांनी गोळी दिली. तासाभराने मी कूस बदलली आणि बाळ नीट पाजता आलं. त्या रात्रीने मला शिकवलं ते एवढंच की दुखणं दाबून ठेवल्याने बाई लवकर बरी होत नाही. दुखणं आटोक्यात असलं की ती लवकर उठते, चालते आणि बाळाला नीट पाजते.

बाळंतपण आणि ऑपरेशन, दोन्ही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली सुमारे २० बाळंतपणं सीझरने होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २५ च्या पुढे गेला. म्हणजे दर चौथी बाळंतीण टाके घेऊन घरी येते. त्यातली किती सीझर टाळता आली असती, हा महत्त्वाचा पण वेगळा प्रश्न आहे. आज मला बोलायचं आहे ते घरी आलेल्या बाईबद्दल.

सीझर हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. त्यात कातडी, तिच्याखालची चरबी आणि पोटाचे स्नायू धरून ठेवणारा चिवट पडदा कापतात. स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग आतलं अस्तर आणि शेवटी गर्भाशय उघडतात. बाळ आणि वार काढून झाली की एकेक थर शिवत बाहेर येतात. कातडीवरची जखम आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं की बाई बरी झाली. आतला चिवट पडदा मात्र आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने ताकद धरतो. डोळ्यांना दिसते ती फक्त वरची शिवण.

एके काळी हे ऑपरेशन म्हणजे बहुधा आईचा मृत्यूच असायचा. १८८२ साली जर्मनीत माक्स झेंगर यांनी गर्भाशयालाच नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि हळूहळू आया वाचू लागल्या. आपली सव्वा महिन्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. बाज, शेगडी, धुरी, पोट बांधणं हे सारं कळा देऊन मोकळ्या झालेल्या बाईसाठी बसवलेलं आहे. त्यातली माया तशीच ठेवायला हवी, पण टाके असलेल्या पोटासाठी रीत थोडी बदलायला हवी.

पहिले तीन दिवस

पाठीतल्या भुलेचा अंमल दोन-चार तासांत उतरतो आणि पहिलं खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड असतात, पुढे ते रोज थोडं कमी होत जायला हवं. हे दुखणं एका प्रकारचं नसतं. टाक्यांची ओढ आणि जळजळ असते. बाळ प्यायला लागलं की ओटीपोटात कळा येतात, कारण दूध उतरवणारं संप्रेरकच गर्भाशयालाही आवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात. त्या जाणवल्या म्हणजे गर्भाशय आपलं काम करतंय. तिसरं दुखणं वाऱ्याचं. ऑपरेशननंतर आतडी काही काळ मंदावतात, पोट फुगतं, कधी खांद्यातही चमक येते. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टर सांगतील तितक्या लवकर घोट घोट पाणी, मग हलका आहार आणि उठून चालणं.

'ऑपरेशननंतर दोन दिवस पडून राहा' हा सल्ला आता जुना झाला. सीझरनंतर बाई लवकर सावरावी म्हणून २०१८ आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सूचना प्रसिद्ध केल्या. लवकर खाणंपिणं, लघवीची नळी लवकर काढणं, लवकर चालणं आणि दुखण्यावर वेळेवर औषध हा त्यांचा गाभा आहे. बाळंतिणीच्या रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, ऑपरेशनने ती आणखी वाढते. पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. खाटेवर पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवणं आणि आधाराने चार पावलं टाकणं हे त्यासाठीच.

उठताना सरळ उठू नये. आधी गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन बसायचं. खोकला, शिंक किंवा हसू येणार असं वाटलं की छोटी उशी पोटावर दाबून धरायची. पुण्याहून यवतला घरी येतानाही हीच उशी कामाला येते. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गतिरोधक आले की गाडीचा पट्टा आणि पोट यांच्यामध्ये ती असू द्यावी. पाजताना बाळ टाक्यांवर येऊ नये म्हणून कुशीवर निजून पाजावं, नाहीतर बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे जातील असं धरावं. सीझर झालं तरी चीक पहिल्या तासातच पाजता येतो.

गोळी आणि दूध

पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही औषधं आईच्या दुधात अगदी नगण्य प्रमाणात उतरतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टर ती निर्धास्त देतात. डायक्लोफेनॅकही यासाठी सर्रास वापरतात. दोन वेगळ्या जातीची औषधं एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा आराम चांगला पडतो. पहिले काही दिवस गोळी घड्याळ बघून घ्यायची असते. दुखणं शिगेला पोहोचल्यावर घेतली तर ते खाली उतरवायला जास्त वेळ आणि जास्त औषध लागतं.

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहूनही कमी असते. आपल्याकडे डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या खूप चालतात. त्यांच्यासोबत वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा बाळंतपणात वाढलेला रक्तदाब असेल तर आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं. ट्रमाडॉल आणि कोडीन यांनी तान्ह्या बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून मेडिकलमधून 'जोराची गोळी' परस्पर आणू नये.

पाठीतलं इंजेक्शन

"पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर गेली," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सुई टोचली तिथे काही दिवस ठणकतं, हे खरं. पण भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. कंबर दुखते ती गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांमुळे, कमकुवत झालेल्या पोटाच्या स्नायूंमुळे आणि वाकून वाकून पाजण्यामुळे. पाठीला टेकू आणि बाळाखाली उशी घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू व्यायाम सुरू करावा, म्हणजे ती सुधारते. काही जणींना भुलेनंतर एक-दोन दिवसांत बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की उतरणारी डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत, ती अंगावर काढू नये.

बाज, शेगडी आणि ताट

"भात खाल्ला तर टाके पिकतील, पाणी प्यायलीस तर पोट सुटेल, पिठलं वातूळ" अशा मनाईमुळे बाळंतिणीच्या ताटात फार थोडं उरतं. टाके पिकतात ते जंतूंमुळे, भातामुळे नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण, उसळ, दूध, अंडी, खाणाऱ्यांना मासे-मटण हे सगळं हवं. पाणी तोडलं तर शौचाला खडा होतो आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो. बाजरीची भाकरी, शेपू-मेथीची भाजी, फळं आणि भरपूर पाणी यांनी पोट साफ राहतं. अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू जरूर द्यावा, पण जेवणाच्या जागी नव्हे, जेवणासोबत.

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी मात्र ठेवूच नये. बंद खोलीतला धूर आई आणि बाळ दोघांच्याही छातीत जातो. शिवाय टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, तिथे चटका बसला तरी कळत नाही. हातापायांना आणि पाठीला तेल लावावं, पोट मात्र जखम भरेपर्यंत चोळू नये. जखमेवर हळद, राख किंवा पावडर घालू नये. डॉक्टरांनी सांगितल्यावर आंघोळ करून स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी ठेवली की पुरे. पोटपट्ट्याने उठताना-चालताना आधार वाटतो, पण आवळून बांधल्याने पोट आत जात नाही.

दौंड-शिरूरचा हा पट्टा ऊस, गुऱ्हाळ आणि गोठ्यांचा. इथली बाई सव्वा महिना झाला की वैरणीचा भारा आणि दुधाची किटली उचलायला लागते. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, शेतातली अवजड कामं तर त्याहूनही पुढे आणि डॉक्टरांना विचारून. नोकरदार बाईला कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. शेतात राबणारीला ती रजा घरच्यांनीच द्यायची असते.

कधी थांबायचं नाही

दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढू लागलं, ताप १००.४ अंशांच्या वर गेला, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी आली, तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागलं, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, किंवा डोकं ठणकून नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. यवतला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला. त्यानुसार सरकारी दवाखान्यात सीझर, औषधं, तपासण्या, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं मोफत मिळतं.

मनाचंही तसंच. "नॉर्मल झालं नाही, मी कमी पडले," ही बोच अनेकींना असते. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं आणि ते बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

विचारणाऱ्या बाया

यवतहून रेल्वेने दौंडकडे निघालं की थोड्याच वेळात केडगाव येतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी त्यांनी आपलं तान्हं बाळ गमावलं होतं. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका बनवलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासलं आणि १९८९ साली जगापुढे मांडलं की त्यांतल्या ९२ टक्के बायका स्त्रीरोग अंगावर काढत होत्या. तपासणी मात्र आधी फार थोड्या जणींची झाली होती. बाया सांगत नव्हत्या, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आज ते विचारणं आशाताईच्या हाती आहे. सीझर होऊन घरी आलेल्या आईकडे सातव्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत तिच्या पाच भेटी ठरलेल्या असतात. ती बाळाचं वजन करते, आईची विचारपूस करते. तिच्यासमोर सासूबाईंनी "सगळं ठीक आहे" असं परस्पर उत्तर देण्याऐवजी सुनेलाच बोलू द्यावं.

गेल्या वर्षी माझ्या वहिनीचं सीझर झालं. आईने तिच्या उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी गजराचं घड्याळ आणि गोळ्यांची पाकिटं. रात्री दोनला गजर झाला तशी आई उठली. तिने बाळाला उचलून वहिनीच्या कुशीत दिलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच विचारलं, "अगं, दहापैकी किती?"

वहिनी म्हणाली, "आता तीनच, आई."