अंपारिता : भातावर श्रद्धा असलेलं गाव

बुगिस म्हटलं की इंडोनेशियात पहिल्यांदा आठवतं ते जहाज. सुलावेसी बेटाच्या नैर्ऋत्य टोकाकडून निघून मलाक्केपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत शिडं फिरवणारे व्यापारी, प्रसंगी चाचे, अशी या लोकांची कीर्ती युरोपीय प्रवाशांनी दूरवर पसरवली. क्रिस्तियाँ पेलरास या फ्रेंच अभ्यासकाने या समाजावर १९९६मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात या कीर्तीला कात्री लावली आहे. त्यांच्या मते बुगिस माणूस मुळात शेतकरी. समुद्र हा त्यांच्यातल्या काहींचाच उद्योग आणि तोही तुलनेने अलीकडचा. दक्षिण सुलावेसीच्या पोटातली टेंपे आणि सिदेनरेंग ही दोन सरोवरं आणि त्यांच्या भोवती पसरलेली भातखाचरं पाहिली की पेलरास यांचं म्हणणं पटतं. पूर्व इंडोनेशियाला तांदूळ पुरवणारा प्रांत तो हाच.

मकास्सर शहराच्या उत्तरेला सुमारे १८० किलोमीटरवर सिदेनरेंग-रापांग जिल्हा लागतो. लोक त्याला नुसतं ‘सिद्राप’ म्हणतात. सपाट जमीन, कालव्याचं पाणी, जागोजागी भातगिरण्या आणि कोंबड्यांची खुराडी, कारण अंड्यांसाठीही हा जिल्हा नावाजलेला आहे. जिल्ह्याच्या मुख्य गावाच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर अंपारिता आहे. वरवर पाहता चारचौघांसारखं शेतकरी गाव: खांबांवर उभी लाकडी घरं, घराखाली बांधलेली जनावरं आणि पार्क केलेल्या मोटारसायकली. वेगळेपण आहे ते इथल्या तोलोतांग लोकांच्या इतिहासात.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६०५ ते १६११ या काळात, दक्षिण सुलावेसीतली राज्यं एकामागून एक इस्लाममध्ये गेली. वाजो राज्याची पाळी १६१०मध्ये आली. तिथल्या वानी गावातल्या काही कुटुंबांनी राजाचा नवा धर्म नाकारला आणि गाव सोडलं. सिदेनरेंगच्या राजाने त्यांना आपल्या दक्षिणेकडे जागा दिली. दक्षिणेचे ते तोलोतांग. जागा फुकट मिळाली नव्हती. राज्याचे रीतिरिवाज पाळायचे आणि लग्न व अंत्यविधी इस्लामी पद्धतीने करायचे, अशी अट होती. श्रद्धा आपली, पण लग्न आणि मरण राजाच्या पद्धतीने! ही तडजोड पुढे शतकानुशतकं त्यांच्या गळ्याशी आली.

मग हे लोक मानतात तरी काय? देवता सेउवाए, म्हणजे एकमेव देव. त्याचं देऊळ नाही, मूर्ती नाही. ‘उवा’ म्हणून ओळखले जाणारे वडीलधारे देव आणि माणूस यांच्यातला दुवा. जन्म असो, लग्न असो की मृत्यू, घरचा शिजवलेला भात आणि कालवणं घेऊन उवांकडे जायचं, हा मुख्य विधी. वर्षातून एकदा, जानेवारीत, गावाजवळच्या पेरिन्यामेंग इथे पूर्वजांच्या समाधीपाशी सगळे जमतात. मलेशियापर्यंत पोटासाठी गेलेली माणसंही तेव्हा परततात.

भाताला इतकं महत्त्व कशामुळे, याचं उत्तर ‘ला गालिगो’त मिळतं. बुगिसांचं हे महाकाव्य जगातल्या सर्वांत लांबलचक काव्यांत मोडतं. त्याच्या लायडनमधल्या बारा खंडी हस्तलिखिताची नोंद २०११मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात केली. त्यातला बातारा गुरू स्वर्गातून पृथ्वीवर उतरतो. त्याची तान्ही मुलगी सात दिवसांत मरते आणि तिच्या थडग्यावर भात उगवतो. तीच संगियांग सेरी, भाताची देवी. गुरू आणि सेरी, म्हणजे श्री, ही नावं आपल्या कानाला ओळखीची वाटणार. पण थांबा: या महाकाव्यात राम नाही, पांडव नाहीत. भारतातून नावं पोचली, कथा त्यांची स्वतःचीच राहिली. त्यांची लोंतारा लिपीही ब्राह्मीचीच वंशज, म्हणजे देवनागरीची दूरची नातलग.

या देवीची दुसरी कथा मला अधिक आवडते. तिचा राखणदार एक तिरंगी बोका. उंदरांपासून भात राखणं हे त्याचं काम. एकदा त्याने मासा पळवला म्हणून घरच्यांनी त्याला बडवला. देवी रुसली आणि बोक्यासह चालती झाली. गावोगाव फिरली, कुठे भांडणं, कुठे कंजूषपणा, कुठे अन्नाची नासाडी. बारू नावाच्या ठिकाणी मात्र तिचं नीट स्वागत झालं. पेरणीच्या आदल्या रात्री बियाण्याशेजारी जागत या कथेची पोथी मोठ्याने वाचायची, असा रिवाज आहे. त्याला ‘मद्दोजा बिने’ म्हणतात. हा रिवाज केवळ तोलोतांगांचा नव्हे. पाच वेळा नमाज पढणारे बुगिस शेतकरीही तो पाळत आले आहेत. धर्म बदलला तरी खाचर तेच होतं.

घराची बांधणीही भाताभोवतीच. खाली जनावरं आणि अवजारं, मध्ये माणसं, वर माळ्यावर धान्य. वरचं, मधलं आणि खालचं अशी विश्वाची जी तीन मजल्यांची कल्पना, तीच घरात उतरलेली. भात सर्वांत वर, देवांच्या मजल्यावर! खांब जमिनीत पुरलेले नसून दगडांवर टेकवलेले असल्यामुळे घर हलवायचं झालं तर गावातले पुरुष बांबू लावून ते अख्खं खांद्यावर उचलतात. मजुरी नाही, जेवण घालायचं.

सिदेनरेंगच्या न्यायाची कथाही शेतातलीच आहे. नेने मल्लोमो हा इथला पौराणिक कीर्तीचा न्यायाधीश. एका वर्षी पीक बुडालं. कोणीतरी पाप केलं असणार म्हणून शोध सुरू झाला, तेव्हा त्याच्याच मुलाने कबूल केलं की अवजार मोडलं म्हणून शेजाऱ्याचं लाकूड न विचारता घेतलं होतं. बापाने मुलाला मृत्युदंड दिला. कायद्याला मूल नसतं की नातू, हे त्याचं म्हणणं जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगतात. मला त्यात न्यायापेक्षा दुष्काळाची भीती जास्त दिसते.

विसाव्या शतकाने या गावाला स्वस्थ बसू दिलं नाही. १९५०पासून १९६५पर्यंत कहार मुझक्कर यांचं इस्लामी बंड या प्रांतात धुमसत होतं आणि जुन्या श्रद्धा त्यांच्या निशाण्यावर होत्या. बंड संपलं त्याच वर्षी देशात कम्युनिस्टांची कत्तल सुरू झाली. सरकारमान्य धर्म नसलेला माणूस नास्तिक आणि नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट, असा तो काळ. १९६६मध्ये तोलोतांगांनी सरकारदरबारी हिंदू म्हणून नोंद करून घेतली. पुढे तोराजा लोकांच्या ‘आलुक तोदोलो’ या जुन्या श्रद्धेने १९६९मध्ये आणि बोर्निओतल्या ‘कहारिंगन’नेही १९८०मध्ये हाच आसरा घेतला. २०१७मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने ओळखपत्रावर पारंपरिक श्रद्धांची नोंद करायला मुभा दिली. तोवर अर्धं शतक उलटलं होतं.

शेतही तेच राहिलं नाही. हरितक्रांतीने बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती आणल्या, वर्षाला दोन पिकं आली. मागोमाग तपकिरी तुडतुडे आले. फवारण्यांनी तुडतुड्यांचे शत्रूच मेले, तेव्हा १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पूर्वी बायका तळहातात मावणाऱ्या सुरीने एकेक लोंबी कापत, देवीने दचकू नये म्हणून. आता कापणी-मळणी यंत्र फिरतं. पेरणी कधी करायची हे ठरवायला शेतकरी, जुन्या पोथ्यांचे जाणकार आणि कृषी अधिकारी एकत्र बसतात, ती ‘तुदांग सिपुलुंग’ नावाची बैठक मात्र टिकून आहे. जिल्ह्याच्या टेकड्यांवर २०१८पासून ३० पवनचक्क्या फिरताहेत. ७५ मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प देशातला अशा आकाराचा पहिलाच.

‘इंडोनेशियातले हिंदू’ म्हणून मोबाइलवर अभिमानाने फिरणाऱ्या मजकुरात तोलोतांगही कधीतरी मोजले जातील. त्यांनी हिंदू हे नाव घेतलं ते संकटातून वाचण्यासाठी, हे ध्यानात ठेवावं. बालीला गेलेल्या मराठी पर्यटकाला मकास्सरचं विमान सहज मिळतं. पुढे सिद्रापपर्यंत रस्ता आहे. जायचं तर जानेवारीत जा, उवांची परवानगी घेऊन जा, आणि देऊळ कुठे आहे असं विचारू नका.