परसातील हौद आणि पाण्याचा जमाखर्च

घराच्या परसात कमळांचा हौद असावा अशी हौस ज्यांना होते, त्यांतील बहुतेकांची चौकशी कारंजे कोणते बसवावे, मासे कोणत्या रंगाचे सोडावेत आणि पाणी किती दिवसांनी बदलावे, या तीन प्रश्नांतच आटोपते. आणि यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर, म्हणजे पाणी शक्यतो बदलूच नये, हे ऐकले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर अविश्वासाची छटा उमटते. साचलेले पाणी ते घाणच, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे आणि पिण्याच्या पाण्यापुरती ती रास्तही आहे. परंतु ज्या पाण्यात वनस्पती, मासे, गोगलगायी आणि दृष्टीस न पडणारे असंख्य सूक्ष्मजीव यांनी एकत्र नांदावे अशी आपली अपेक्षा असते, त्या पाण्याची शुद्धता बादलीने आणि खराट्याने आणता येत नाही. ती त्या जीवांच्या परस्परव्यवहारातूनच निष्पन्न व्हावी लागते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांतून हौद होते खरे, पण त्यांची प्रकृती निराळी होती. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जो भुयारी नळ बांधण्यात आला, त्यातून केवळ उताराच्या जोरावर आलेले पाणी काळा हौद, बदामी हौद यांसारख्या सार्वजनिक हौदांत आणि मातब्बरांच्या वाड्यांत खेळत असे. नव्या पाण्याची आवक सतत चालू असल्याने तेथे साठणाऱ्या मळाची वासलात आपोआप लागे. परसातील बंदिस्त हौदात मात्र जे पडले ते तेथेच राहते. तेथे जमा आणि खर्च एकाच वहीत मांडावे लागतात आणि रोजची शिल्लक रोज जुळावी लागते.

हा हिशेब पहिल्याने नीट मांडून दाखविला तो लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. वनस्पती हवा शुद्ध करतात हे जोसेफ प्रीस्टली याने अठराव्या शतकातच दाखविले होते. तेव्हा पाण्यातील वनस्पतीने पाण्यातील प्राण्यांची अशीच सोय करावी, हा तर्क वॉरिंग्टनने बारा गॅलनांच्या एका काचपात्रात पारखून पाहिला. त्यात त्याने दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या पानांची जलवनस्पती लावली. काही काळ सारे सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, पात्राच्या भिंतींवर हिरवट बुळबुळीत थर चढला. येथे पाणी ओतून देण्याचा मोह कोणालाही झाला असता. वॉरिंग्टनने तसे न करता तळ्यातील काही गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, त्यांच्या अंड्यांवर मासे पोसले आणि माशांच्या विष्ठेवर वनस्पती वाढली. १८५० साली त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. जलोद्यानाच्या शास्त्रावर पुढे पुष्कळ ग्रंथरचना झाली असली, तरी त्यातील मर्माची गोष्ट या काचपात्रात येऊन गेली होती, असे मला वाटते.

आता बांधकामाकडे वळू. दख्खनच्या पठारावर या कामातील पहिला प्रतिवादी म्हणजे काळी माती. काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते आणि त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या दरम्यान पाणी शिरले की ते फुगते, निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतांना ज्या हातहात खोल भेगा पडतात त्या याच आकुंचनाच्या. अशा जमिनीत विटा-सिमेंटचा हौद बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत त्याच्या भिंतीला चीर पडली नाही तरच नवल मानावे. यावर उपाय दोन: एक तर मुरूम लागेपर्यंत खणून त्यावर पाया घ्यावा, नाही तर ताठ भिंतीचा आग्रहच सोडून शेततळ्यांना घालतात तसले प्लास्टिकचे जाड अस्तर वापरावे, जे जमिनीबरोबर हलते पण फाटत नाही. शेततळ्यांसाठी साधारणतः ५०० मायक्रॉन जाडीचा कागद वापरला जातो. परसातील हौदाला तो पुरून उरतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल अशा हौदासाठी लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंची खोली आणि काठावर दाबण्यासाठी वीत-दीड वीत जादा धरून, सुमारे ४.८ मीटर गुणिले ३.८ मीटर कागद लागतो. खाली वाळूचा थर द्यावा, खडे वेचून काढावेत. लहान मुलांचे घर असेल तर पाण्याच्या पातळीखाली चार बोटांवर लोखंडी जाळी बसविण्यात हयगय करू नये.

सिमेंटचाच हौद बांधावयाचा असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी तीव्र अल्कधर्मी होते. केळीच्या खुंटाचे तुकडे नव्या टाकीत कुजत ठेवून, पाणी दोन-तीन वेळा भरून सोडून देण्याची मत्स्यपालकांची पद्धत आहे, आणि ती सशास्त्र आहे. कारण कुजण्याच्या क्रियेत निर्माण होणारी आम्ले या चुन्याला मारतात. ही खबरदारी न घेता घाईने सोडलेले मासे मरतात आणि दोष विक्रेत्याच्या माथी बसतो.

मासे मरण्याचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक जहाल. आणि पाणी जितके अल्कधर्मी व जितके उष्ण, तितके जहाल रूपाचे प्रमाण अधिक. म्हणजे नव्या सिमेंटच्या हौदात वैशाखात मासे सोडणे हा दोन्ही संकटांना एकाच वेळी दिलेला मुक्त परवाना होय. मुरलेल्या हौदात या अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात: एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते, आणि दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, जे वनस्पतींचे खाद्य आहे. हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास प्रथम वेगळे काढून दाखविले. त्यांची वाढ अत्यंत संथ असते. खडे, देठ आणि भिंती यांवर त्यांची वसाहत पुरती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. हौद भरल्यावर आधी वनस्पती लावाव्यात, महिना-दीड महिना वाट पाहावी आणि मग मोजके मासे सोडावेत, या नियमाचे कारण हे आहे. आणि जो गृहस्थ दर महिन्यास हौद उपसून भिंती घासतो, तो दर महिन्यास या वसाहतीचा उच्छेद करून पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करतो.

घासण्याचा हा हव्यास बहुधा हिरव्या पाण्यामुळे उत्पन्न होतो. नव्या हौदाचे पाणी पंधरवड्यातच हिरवे होते. मातीतील क्षार आणि भरपूर ऊन यांवर पोसलेली एकपेशीय शैवले पाण्यात तरंगत असतात. पाणी बदलले की नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात आणि शैवलांची पुढची पिढी पहिलीपेक्षा जोमाने वाढते. कोणी मोरचूद टाकतात. त्याने शैवले मरतात, गोगलगायी मरतात, आणि मेलेल्या शैवलांच्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू संपून मासेही मरतात. खरा इलाज सावलीचा आहे. पण ती झाडाची नव्हे, कारण झाडाचा पालापाचोळा हौदात पडून कुजतो, तर पाण्यावर पसरलेल्या कुमुदांच्या पानांची. पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पानांनी झाकला गेला की शैवलांना ऊन मिळत नाही, त्यांचे क्षार कुमुदे ओढून घेतात आणि पाणी एके दिवशी कोणी निवळवावे तसे निवळते.

प्राणवायूचा विषय निघालाच आहे तर पहाटेची गोष्ट सांगितली पाहिजे. पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. दिवसा वनस्पती त्यात भर घालतात, पण रात्री त्याही श्वासोच्छ्वासासाठी तोच प्राणवायू वापरतात. मासे, गोगलगायी आणि तळातील जिवाणू तर अहोरात्र वापरीतच असतात. त्यामुळे शिल्लक सर्वांत कमी असते ती सूर्योदयापूर्वी. श्रावणातील झाकोळलेल्या दिवसांनंतर सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, त्यांना भूक लागलेली नसून श्वास कोंडलेला असतो, आणि अशा वेळी त्यांच्यापुढे मुरमुरे टाकणारा यजमान कुजण्याला नवे साहित्य पुरवितो. लहान कारंजे चालवावयाचे तर ते या वेळी, रात्री आणि पहाटे चालवावे. पाहुण्यांसाठी संध्याकाळी चालविलेले कारंजे शोभेपुरतेच. शिवाय कुमुदांच्या पानांची श्वसनरंध्रे वरच्या बाजूस असल्याने पानांवर सतत तुषार पडणे त्यांना मानवत नाही.

कुमुद आणि कमळ यांना आपण भावंडे समजतो, परंतु वनस्पतिशास्त्राचा निवाडा विलक्षण आहे. कुमुदांचे घराणे सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावरील अगदी आरंभीच्या फांद्यांपैकी एक आहे, तर कमळाचे जवळचे आप्त चिनार वृक्षाच्या जातीतील प्लेन वृक्ष आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रोटिया ही झुडपे. पाण्यात राहून दोघांचे रूप सारखे झाले, एवढेच. लागवडीतही हा भेद पाळावा लागतो. कुमुद घमेल्यात जड चिकणमाती भरून, वर वाळू-खड्यांचा थर देऊन लावता येते. शेणखत घालू नये, ते पाण्यात उतरून शैवलांचे भोजन होते. कमळाला मात्र रुंद, गोल, कोपरे नसलेले पात्र द्यावे, कारण त्याचा कंद आडवा धावतो आणि कोपऱ्यात अडकला की कोंभ मोडतो. कमळाचे बी फार चिवट असते. चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या गाळातून मिळालेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बी जेन शेन-मिलर यांनी रुजवून दाखविले. फुलाचे कौतुक तर याहून मोठे आहे. उमलण्याच्या दोन-चार दिवसांत कमळाचे फूल स्वतः उष्णता निर्माण करते आणि बाहेर हवा दहा अंशांइतकी थंड असली तरी आतले तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखते, हे ऑस्ट्रेलियातील रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. परागण करणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी ही ऊबदार विश्रामगृहाची तजवीज असावी, असे मानतात.

शेजाऱ्यांची पहिली तक्रार डासांची असते, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. १९११ साली बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची जी चौकशी केली, तीत शहरातील विहिरी आणि टाक्या हीच ॲनोफिलीस स्टिफेन्सी या डासाची जन्मस्थाने ठरली आणि त्यापुढे विहिरी बुजविण्याचा वा झाकण्याचा हुकूम निघू लागला. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. परंतु त्या विहिरींत आणि जिवंत हौदात एक फरक आहे: जिवंत हौदात डासाच्या अळीला खाणारे असतात. गप्पी मासे आपल्या नगरपालिका वाटतात आणि ते चोख काम करतात. १९२८ च्या सुमारास भारतात आणलेला गांबुसिया मात्र शक्यतो टाळावा, कारण तो देशी मासे आणि बेडकांची अंडी यांवरही ताव मारतो. माशांखेरीज चतुर आणि टाचण्या न बोलावता येतात. त्यांची पिल्ले पाण्याखाली वाढतात आणि घडी घातलेला खालचा ओठ क्षणार्धात पुढे फेकून अळी पकडतात. गप्पी ओढ्या-नाल्यांत मात्र सोडू नयेत, आणि जलपर्णीचे तर एक रोपही हौदात येऊ देऊ नये, मग तिची जांभळी फुले कितीही मोहक असोत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या या वनस्पतीने बंगालची अशी दैना केली की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न पाणी घालण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पठारावरील उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर खाली जाते. वर सांगितलेल्या हौदातून म्हणजे पन्नास-साठ लिटर पाणी रोज उडते. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. विंधनविहिरीचे जड पाणी रोज घालीत गेल्यास जूनपर्यंत हौद खारावतो, म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्यास दोन-तीन घागरी काढून त्या झाडांना घालाव्यात. नळाचे पाणी घालावयाचे तर एक दिवस उघड्या पिंपात ठेवून, म्हणजे त्यातील क्लोरिन निघून जाते. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे साठ सेंटिमीटर खोलीचा हौद एकदा भरून वर थोडे ओसंडावे इतका. ही धुलाई फुकट होते आणि पुरेशी होते.

गाळ मात्र साठतो. दोन-तीन वर्षांनी, माघ-फाल्गुनात कमळे विश्रांतीत असताना, तो उपसावा, कंद विभागून पुन्हा लावावेत, पण निम्मे जुने पाणी आणि गाळाचा चौथा हिस्सा राखून ठेवावा, म्हणजे जिवाणूंची वसाहत मोडत नाही. उपसलेला गाळ एक रात्र काठालाच ढीग करून ठेवल्यास त्यात अडकलेल्या गोगलगायी आणि चतुरांची पिल्ले पुष्कळशी पाण्यात परततात. दुसऱ्या दिवशी तो कर्दळीच्या वाफ्यात घालावा.